बोटीचा दिवस शेवटचा ठेवू नका

मागच्या भागात आपण डोंगरातल्या भटकंतीची तयारी पाहिली. त्यानंतर इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी विचारलं की मालवणला जायचं आहे, बोटीची सफर कशी ठरवावी? मी पायदळातला माणूस. निवृत्तीनंतर महूला स्थायिक झालो. समुद्राशी माझा नोकरीचा संबंध नाही, पण या विषयातली एक चूक मी स्वतः केलेली आहे. म्हणून आधी ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही मालवणजवळ देवबागला गेलो होतो. बरोबर पत्नी, मुलगी, जावई, सहा वर्षांचा नातू आणि माझी थोरली बहीण. आक्का तेव्हा सत्तरीची होती आणि समुद्र पहिल्यांदाच पाहत होती. तीन दिवस जेवणं, देवळं, बाजार यांत गेले. बोट राहिली शेवटच्या दिवशी दुपारी. रात्री कुडाळहून गाडी होती.

साडेतीनला आम्ही किनाऱ्यावर पोचलो. तांडेलानं खाडीच्या मुखाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सायबानु, वारो वाढलो हा. सकाळी जावया." मी म्हणालो, सकाळी आम्ही गाडीत असू. तो नाहीच म्हणाला. मग मी काय केलं? शेजारच्या दुसऱ्या बोटवाल्याकडे गेलो आणि जरा साहेबी आवाजात त्याला तयार केलं.

कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे पोचताच लाटा उभ्या राहायला लागल्या. बोट वर जाऊन आपटत होती. नातवाच्या अंगात मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट होतं, ते वर सरकून त्याच्या तोंडावर आलं. त्याला धरायला आक्का पुढे झाली आणि फळीवरून घसरली. मनगट मोडलं. बोटवाल्यानं कौशल्यानं बोट वळवली म्हणून आम्ही परत आलो. किनाऱ्यावर आक्काला हात देऊन उतरवायला पहिला तांडेलच पाण्यात उतरला. तो मला एक शब्दही बोलला नाही.

त्या दिवशी नेमकं काय घडलं, ते मला नंतर समजलं. तेच आज समजावून सांगतो.

दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. भरती संपून ओहोटी पूर्ण व्हायला सव्वासहा तास लागतात आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातले जुने लोक घड्याळाऐवजी तिथी पाहतात. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटे आणि दुपारीही. अष्टमीला सहा वाजता. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे प्रवाहाला ओढ असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओढ कमी. आम्ही गेलो तो दिवस धुळवडीचा, म्हणजे पौर्णिमेनंतरची प्रतिपदा. प्रतिपदेची पाऊणपट पाऊण. म्हणजे पाऊण वाजता भरती, आणि पावणेचारच्या सुमारास ओहोटी सर्वांत जोरात. त्याच वेळी दुपारचा समुद्रावरचा वारा भरात. नदीचं पाणी बाहेर धावतंय आणि लाटा आत येताहेत. मुखाशी पाणी उथळ, खाली वाळू. दोघांची टक्कर झाली की लाट आखूड आणि उभी होते, मग फुटते. किनाऱ्यावरून हे फारसं कळत नाही. तांडेलाला कळलं होतं.

आता बेत कसा आखायचा ते पाहू.

पहिली गोष्ट, ऋतू. ऑक्टोबर ते मेचा मध्य हा काळ ठीक. पावसाळ्यात प्रवासी बोटी बंद असतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेव्हा कोणी "नेतो" म्हणाला तरी जाऊ नका.

दुसरी, वेळ. सकाळी समुद्र शांत असतो, वारा दुपारी वाढतो. समजा अष्टमी आहे. सहाच्या सुमारास भरती. सातपर्यंत मुख ओलांडा, डॉल्फिन पाहा, नऊच्या आत खाडीत परता. मग पाणी उतरेल तसा त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा उघडा पडतो, तिथे मुलांना खेळू द्या. आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज पाहा. तो सर्वांसाठी खुला आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट मालवणच्या धक्क्यावरून सुटते, अंतर थोडं आहे. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. भोवतीचे पाण्याखालचे खडक शत्रूच्या जहाजांना अडवत. ते खडक आजही तिथेच आहेत. म्हणून वाट माहीत असलेल्या स्थानिक तांडेलाचं ऐका, "जरा त्या बाजूनं घ्या" असा आग्रह धरू नका.

तिसरी, बोट. परवाना आणि किती माणसांची परवानगी आहे ते विचारा, मग चढलेली माणसं स्वतः मोजा. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूरजवळ पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. मासेमारीची बोट बदलून केलेली, माणसं क्षमतेपेक्षा जास्त, आणि वेळ अंधार पडल्यानंतरची. तिन्ही गोष्टी चढण्याआधी दिसण्याजोग्या होत्या.

लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घाला, सगळे पट्टे लावा. मुलाचे जॅकेट खांद्यावर धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. लहान माप नसेल तर दुसरी बोट बघा. डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला धावतात, बोट कलंडायचं हे मोठं कारण. बसल्या जागेवरून पाहा. परतायची वेळ हॉटेलात सांगून ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ फोनमध्ये असू द्या.

आणि चौथी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बोट पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा आणि पुढची एक सकाळ मोकळी सोडा. सैन्यात खिंडीपलीकडे हवा बिघडली तर आम्ही काफिला दोन-दोन दिवस थांबवत असू, कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. सुट्टीत मात्र मी थांबायला जागाच ठेवली नव्हती. माझ्या हातात उद्याची सकाळ असती तर तांडेलाचं "नाही" मी हसत ऐकलं असतं. पैसे भरतानाच विचारून घ्या की हवा बिघडली तर दुसऱ्या दिवशी नेणार की पैसे परत देणार. म्हणजे नाही म्हणताना त्यालाही संकोच वाटत नाही.

आक्काचं मनगट अजून पूर्ण वळत नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही. मात्र सिंधुदुर्ग पाहायचा राहिला, हे ती अधूनमधून म्हणते. या जानेवारीत आम्ही पुन्हा जातोय. चार दिवस ठेवलेत, अष्टमी धरून. बोट दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि तांडेल नाही म्हणाला, तर तिसऱ्या.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.