आप्पांचा तारा

आमच्या पूर्णगडच्या घरी तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात नारळाएवढा एक काळा दगड असे. माझे चुलते आप्पा रोज पूजा आटोपली की त्याच्यावरही पाणी घालीत. आठ-नऊ वर्षांचे असताना एका रात्री त्यांनी मुचकुंदीच्या खाडीवरून आगीचा गोळा जाताना पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सड्यावर त्यांना हा दगड सापडला. तेव्हापासून घरात त्याचे नाव ‘तारा’.

गेल्या दिवाळीत आप्पा मला म्हणाले, “अरे, कॉलेजात एवढी शिकलेली माणसं असतात. कुणाला तरी दाखव की हा. खरा निघाला तर आपल्या गावाचं नाव होईल.”

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. आकाशात चमकते ती उल्का आणि जळून उरलेला जो दगड जमिनीवर पोहोचतो तो अशनी, एवढाच भेद मला ठाऊक. पण आप्पांचे म्हणणे चुकीचे नव्हते. अशनी जिथे सापडतो त्या जागेचे नाव त्याला देतात. बिहारमधील शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेला दगड मंगळावरून आलेला आहे, असे पुढे ठरले आणि तशा दगडांच्या साऱ्या जातीलाच त्या गावाचे नाव मिळाले.

आपल्याकडेही असे मान मिळालेली गावे आहेत. वऱ्हाडातील चांदकापूर येथे ६ जून १८३८ रोजी, खानदेशातील मानेगावला २९ जून १८४३ रोजी आणि नगरकडच्या जामखेडला ५ ऑक्टोबर १८६६ रोजी अशनी पडले. मानेगावचा दगड ज्या दुर्मिळ जातीचा, ती जात वेस्टा या लघुग्रहावरून आली असे मानतात. नागपूर जिल्ह्यातील काटोलला २२ मे २०१२ रोजी भर दुपारी दगड पडले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारे ब्रिजमनाइट हे खनिज त्यांत सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि सर्वांत मोठा आघात झाला लोणारला. तिथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले, पण ज्याने ते पाडले तो पाहुणा त्या धडकेतच नाहीसा झाला!

ही सगळी नावे घाटावरची. मग आकाशाला कोकणाचे वावडे आहे काय? तसे काही नाही. दगड कुठेही पडतो. यादीत नाव लागते ते कुणी पडताना पाहिला, लगेच उचलला आणि जाणत्यांच्या हाती दिला तर. आमच्याकडे एका बाजूला समुद्र. दुसरीकडे असा पाऊस, की अशनीतले लोखंड गंजायला वेळ लागत नाही. त्यात सड्यावरचा जांभा आधीच भाजल्यासारखा दिसतो. लोहचुंबकाची परीक्षा घ्यावी, तर आमच्या किनाऱ्यावरची काळी वाळूच चुंबकाला जाऊन चिकटते!

दगड पिशवीत घालून मी भूशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्याकडे गेलो. त्यांनी तो हातात तोलला, भिंगाखाली धरला आणि एका कडेची बारीक छिद्रे मला दाखवली. “ताज्या अशनीवर वितळलेली पातळ काळी साल असते. अशी बुडबुड्यांची छिद्रे नसतात. हे लोहाराच्या भट्टीतलं कीट आहे.”

पूर्णगडला परतताना एस.टी.त ती पिशवी मला दुप्पट जड वाटली. आप्पा ओटीवर वाटच पाहत होते. खोटे बोलण्याचा मोह झाला. पण त्यांनी तोंडाकडे पाहूनच ओळखले. थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी लोहाराच्या कचऱ्याला अंघोळ घालत होतो!” आणि हसले. मग हळूच म्हणाले, “पण गोळा मी पाहिला होता हो. तो खोटा नाही.”

“गोळा खराच असणार, आप्पा,” मी म्हणालो. “दगड मात्र दुसरा.”

मी वही काढली. गोळा कुठून आला, कुठे गेला, आवाज झाला का, असे एकेक विचारले. किल्ल्याच्या बाजूने आला, समुद्राकडे गेला, मागाहून गडगडले, असे आप्पांनी हात करून सांगितले. महिना आणि वेळ मात्र त्यांना आठवेना. त्या वेळी त्या मुलाला कुणी हे विचारलेच नव्हते!

वाचकहो, तुमच्या घरच्या मुलाने उद्या असे काही पाहिले, तर त्याला हसू नका. आधी घड्याळ पाहा, दिशा लिहून ठेवा. दगड सापडलाच तर धुऊ नका, फोडू नका. जागा टिपून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा.

कीट अजून कोनाड्यात आहे. आप्पा पाणी घालीत नाहीत. पण काढूही देत नाहीत.