शेवयांचा पुडा आणि कडक भाकरी
आईवडील पहाटे शेतावर गेले, की मंद्रूपसारख्या गावातील मूल झटपट शेवयांचा पुडा कोरडाच खाऊन शाळेत येते. या शेवया मैद्याच्या असून बहुधा पामतेलात तळलेल्या असतात. तळताना पाणी उडून सूक्ष्म छिद्रे राहतात, म्हणून त्या उकळत्या पाण्यात त्वरित मऊ होतात. मीठ मुख्यतः मसाल्याच्या पुडीत असते. प्रौढांनीही दिवसाला 5 ग्रॅमहून कमीच मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. शिक्षकांनी रिकामा पुडा वर्गात आणून ती यादी मुलांकडूनच वाचून घ्यावी. सोलापूरकडील ज्वारीची कडक भाकरी अनेक दिवस टिकते, शेंगाचटणीबरोबर खाण्यास तिला चूलही लागत नाही. चटणीतही मीठ असते, हे मात्र मुलांपासून लपवू नये.