कॉफी मागण्याचे व्याकरण

रात्री पार्टी झाली, स्वयंपाकघरात पसारा तसाच पडला आहे आणि तो आवरायला खोलीतल्या जोडीदाराला सांगायचे आहे. काय म्हणाल? १९८०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने असे प्रसंग वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवले. शोशना ब्लुम-कुल्का, जुलियान हाउस आणि गाब्रिएले कास्पर यांनी १९८९मध्ये त्याचे पुस्तक केले. विनंत्यांची तुलना केली तेव्हा सर्वांत थेट बोलणारे निघाले अर्जेंटिनातले स्पॅनिश भाषक आणि सर्वांत आडवळणाने बोलणारे ऑस्ट्रेलियातले इंग्रजी भाषक.

यावरून अर्जेंटिनाची माणसे उद्धट ठरवणे साफ चूक आहे. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि तमिळ या भाषांच्या आधारे मांडले, की प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात: इतरांनी आपले मानावे आणि आपल्यावर कोणी काही लादू नये. इंग्रजी शिष्टाचार दुसरीला जास्त जपतो. माद्रिदच्या बारमध्ये गिऱ्हाईक सरळ ‘पोनमे उन काफे’, म्हणजे ‘मला एक कॉफी दे’, असे म्हणते. आज्ञार्थ आणि एकेरी. पण त्यात सलगी आहे, हुकूम नाही. स्पॅनिशही सगळीकडे एकच नाही. मारिया एलेना प्लासेन्सिया यांनी किटो आणि माद्रिदमधल्या कोपऱ्यावरच्या दुकानांतले संवाद तपासले, तेव्हा किटोचे गिऱ्हाईक नमस्कार-चमत्कारात जास्त रमलेले दिसले.

थेटपणा कमी करायचे साधन मात्र स्पॅनिशमध्येही आहे. ‘कीएरो’ म्हणजे ‘मला हवे’; तेच भूतकाळात नेले की ‘केरीआ’ आणि आणखी अदबीने ‘कीसिएरा’. इंग्रजी ‘वॉन्ट’ ऐवजी ‘वुड लाइक’ म्हणते किंवा ‘आय वॉज वंडरिंग’ अशी सुरुवात करते. इच्छा आत्ताची, क्रियापद मात्र मागे सरकलेले. त्या अंतरामुळे समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. ‘जरा विचारायचं होतं’ म्हणताना आपणही हेच करतो.

मग इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश भाषकाचे अडते कुठे? बारीकसारीक जागी. ‘आयड लाइक’मधला ‘ड’ इंग्रज माणूसही जेमतेम उच्चारतो आणि स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘ड’ मुळातच दुबळा. तो गळला की उरते ‘आय लाइक अ कॉफी’: मागणीऐवजी आवडीचे विधान, तेही मोडके. दुसऱ्याकडून काही हवे असेल तर स्पॅनिश ‘के’ने, म्हणजे आपल्या ‘की’ने, नवे वाक्य जोडते, म्हणून ‘आय वॉन्ट दॅट यू हेल्प मी’ तोंडात येते. ‘वुड यू माइंड’ने तर भलेभले गोंधळतात, कारण तिथे होकार द्यायला ‘नो’ म्हणावे लागते.

या चुकांकडे ऐकणारा सारख्या नजरेने पाहत नाही आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. जेनी थॉमस यांनी १९८३च्या निबंधात दाखवले, की व्याकरण चुकले तर लोक म्हणतात, याला भाषा येत नाही. पण अस्खलित बोलणाऱ्याकडून अदब हुकली, तर दोष स्वभावाला चिकटतो. ‘आय वॉन्ट अ कॉफी’ हे वाक्य निर्दोष असते, म्हणूनच ते जास्त नुकसान करते. बोलणाऱ्याला कोणी टोकत नाही, त्यामुळे त्याला ते कळतही नाही. म्हणून ‘आयड लाइक’ पहिल्याच धड्यापासून, एका दमात म्हणायच्या अखंड तुकड्यासारखे घोटून घ्यायला हवे. ‘प्लीज’ची भर घालून हे काम भागत नाही.

मात्र थॉमस यांना सगळ्यांना एका साच्याचे इंग्रज बनवायचे नव्हते. किती अदबीने बोलायचे, की मुद्दाम उद्धटच व्हायचे, हे शिकणाऱ्याने ठरवावे. आपण उद्धट ठरतो आहोत हे त्याला माहीतच नसावे, असे मात्र होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.