सहा कवड्यांचा हिशेब

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीबाहेरील ओट्यावर सहा कवड्या खुळखुळतात, आणि तीन उताण्या, तीन पालथ्या हेच दान वारंवार का पडते, याचे उत्तर, या मुलखावर राष्ट्रकूट अमोघवर्षाचा अंमल असताना, इ. स. ८५०च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त सांगितलेल्या अतिशय देखण्या नियमात सापडते: सहा, पाच, चार यांच्या गुणाकारास, म्हणजे १२०ला, एक, दोन, तीन यांच्या गुणाकाराने, म्हणजे ६ने, भागावे, हे दान पडण्याचे प्रकार २० येतात. प्रत्येक कवडीच्या गती दोन, म्हणून एकंदर शक्यता ६४. त्यांत सर्व उताण्यांची एकच. अर्थात खरी कवडी दोन्ही अंगांनी सारखी नसते. ती तिनांत एकदाच उताणी पडत असेल, तर द्विपद नियमाने त्या २० पैकी प्रत्येक प्रकाराचा वाटा ८/७२९, आणि तीन-तीनच्या दानाची संभाव्यता १६०/७२९.