नकाशात नसलेली खोली : पिंपरी-चिंचवड व चाकणमधील घरव्यवहारांचा मागोवा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहण्याजोगे सजवलेले तळघर मोजक्याच घरांत आढळते. नवनगर विकास प्राधिकरणाच्या सेक्टरमधील काही बंगले, उतारावरच्या प्लॉटवर बांधलेली रो-हाउस आणि अलीकडच्या बंगल्यांच्या योजना एवढाच त्याचा पसारा आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात खोल खोदाई महाग पडते, पावसाळ्यात भिंतींतून पाणी झिरपते, आणि नदीकाठच्या वस्त्यांत तर तळमजलाच पुरात जातो. तरीही तळघरामुळे घराच्या विक्रीत जो प्रश्न उभा राहतो, तो इथल्या हजारो कुटुंबांच्या ओळखीचा आहे. बंद करून खोली केलेले पार्किंग, गच्चीवर चढवलेली खोली, हॉलमध्ये घेतलेली टेरेस, परवानगीपेक्षा वाढवलेला मजला ही त्याच प्रश्नाची स्थानिक रूपे होत. अशा जागेने राहणाऱ्याची सोय होते. विकताना तिला किती पैसे मिळतात, हे मात्र मंजूर नकाशात ती काय म्हणून दाखवली आहे यावर ठरते. ही समज या परिसरात रुजायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

वसाहत आणि प्राधिकरण : १९५४ ते १९८२

हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाली आणि तिच्याबरोबर कामगारांची वसाहतही आली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात आकुर्डीत बजाज ऑटो, पिंपरीत टेल्को असे मोठे कारखाने उभे राहिले. मराठवाडा, सातारा, सोलापूर, खानदेश, कोकण अशा सर्व भागांतून माणसे आली. त्यांचे पहिले घर म्हणजे कंपनीचे क्वार्टर किंवा गावठाणातली भाड्याची खोली. दोन्ही ठिकाणी घर विकण्याचा प्रश्नच येत नव्हता.

४ मार्च १९७० रोजी नगरपालिका आणि १४ मार्च १९७२ रोजी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. प्राधिकरणाने निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी या भागांत सेक्टर आखले आणि ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट दिले. या प्लॉटवरच्या घरांना दुहेरी बंधन होते. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे हवे आणि हस्तांतर प्राधिकरणाच्या परवानगीने, शुल्क भरून व्हायला हवे. खाली भाडेकरू आणि वर मालक ही रचना मात्र लवकरच रूढ झाली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला खालच्या दोन खोल्यांचे भाडे हाच दरमहाचा आधार असे. वाढीव खोलीकडे पाहण्याची इथली दृष्टी तेव्हा घडली. ती चैनीसाठी बांधली जात नव्हती, तिच्यातून घर चालत होते.

गुंठ्यांचा काळ : १९८२ ते २००८

११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे होती, २००१ मध्ये ती दहा लाखांवर गेली आणि २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजार भरली. प्राधिकरणाचे प्लॉट या वाढीला पुरणारे नव्हते. सप्टेंबर १९९७ मध्ये चिखली, मोशी, चऱ्होली, तळवडे, रावेत, पुनावळे यांसह १८ गावे महापालिकेत आली आणि शेतजमिनीची मोठी पट्टी शहराच्या हद्दीत शिरली.

काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, वाल्हेकरवाडी, भोसरी, दिघी, चिखली इथे शेतकऱ्यांनी गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा अशा लहान तुकड्यांच्या आड येत असल्याने व्यवहार नोटरीसमोरच्या करारावर, कुलमुखत्यारपत्रावर किंवा सातबाऱ्यावर अनेकांची सामाईक नावे लावून होत. नकाशा मंजूर करून घेण्याचा मार्गच बंद असल्यामुळे घर विनापरवाना उभे राही आणि पैसा हाती येईल तसे वर चढत जाई.

या बाजारात वाढीव खोलीला भाव होता. खोल्या किती, भाडे किती येते, पाण्याची लाइन आणि विजेचा मीटर आहे का, या तीन गोष्टींवर किंमत ठरे. सगळे घरच कागदाबाहेर असल्याने नकाशातली खोली आणि नकाशाबाहेरची खोली हा भेद राहतच नसे. पण गिऱ्हाईक मर्यादित होते. बँकेचे गृहकर्ज मिळत नसल्यामुळे रोख जमवू शकणारा किंवा चढ्या व्याजाने पतसंस्थेचे कर्ज काढणारा माणूसच घेऊ शके. विकणाऱ्याला किंमत कमी मिळे, घेणाऱ्याला व्याज जास्त पडे.

इमारतींमधल्या सदनिकांची गोष्ट वेगळी होती. तिथे नकाशा मंजूर असे, पण विक्री ‘सेलेबल’ क्षेत्रावर होई आणि जिना, लॉबी, टेरेस यांचा वाटा फुटांत मिसळून टाकला जाई. तळमजल्यावरचे पार्किंग वेगळे पैसे घेऊन विकले जाई. पुढे त्यातले काही शटर लावून दुकान किंवा गोदाम होई.

हिशेबाची वेळ : २००८ ते २०१४

४ जानेवारी २००८ नंतरच्या अवैध बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती आकारण्याची तरतूद महापालिका कायद्यात कलम २६७-अ म्हणून आली. पिंपरी-चिंचवडमध्ये ती ‘शास्तीकर’ या नावाने घराघरांत पोचली. घर विकायला काढले की थकीत शास्तीकर समोर येई आणि तो कोणी भरायचा यावर सौदा अडे. हा कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असे कायद्यातच स्पष्ट होते. तरी कराची पावती म्हणजे परवानगी, असा समज अनेक वर्षे टिकून राहिला.

२०१२ ते २०१४ या काळात आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या कारकिर्दीत अनधिकृत बांधकामांवर धडक कारवाई झाली. शहरातील अशा बांधकामांची संख्या तेव्हा ६६ हजारांच्या आसपास सांगितली जात होती. मजले पाडले जाताना पाहिल्यावर गिऱ्हाईक प्रथमच नकाशा मागू लागले.

याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल घरव्यवहारांच्या मुळाशी गेले. ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली गृहनिर्माण संस्था या खटल्यात न्यायालयाने ठरवले की इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा ही सामाईक जागा असून बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही. पार्किंग बंद करून केलेल्या खोलीचा पायाच त्यामुळे गेला, कारण जी जागा मुळात एकट्याची नाही ती सजवून विकताही येत नाही. ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीतून मालकी हस्तांतरित होत नाही हे स्पष्ट केले. गुंठ्यावरच्या घरांच्या अनेक साखळ्या याच कागदावर उभ्या होत्या.

मोजमाप बदलले : २०१७ ते २०२०

१ मे २०१७ पासून स्थावर संपदा (रेरा) कायदा पूर्णपणे लागू झाला. त्यात कार्पेट क्षेत्राची व्याख्या निश्चित झाली. आतल्या भिंतींसह प्रत्यक्ष वापरता येणारे मजल्याचे क्षेत्र म्हणजे कार्पेट. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस त्यात धरायची नाही. याच कायद्याने सामाईक तळघरे, गच्च्या आणि उघडे पार्किंग यांना सामाईक क्षेत्रांच्या यादीत बसवले. त्यामुळे नोंदणीकृत प्रकल्पात ‘बेसमेंटसह सदनिका’ असे सांगितले गेले, तर ते बेसमेंट करारात कोणत्या सदरात लिहिले आहे हे पाहणे भाग झाले.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. बाल्कनी, टेरेस यांसारखे पूर्वी चटईक्षेत्र निर्देशांकाच्या (एफएसआय) बाहेर राहणारे क्षेत्र तिने एफएसआयच्या हिशेबात घेतले आणि त्याबदल्यात प्रीमियम भरून वाढीव निर्देशांक दिला. निवासी इमारतीतले तळघर मुख्यतः पार्किंग, सामानाची साठवण आणि यंत्रणा यांच्यासाठी मानले जाते. झोपण्या-राहण्याची खोली म्हणून ते मंजूर होत नाही. एफएसआयमधून सूट मिळालेल्या अशा जागेत टाइल्स, फॉल्स सीलिंग आणि एसी बसवून होम थिएटर किंवा पाहुण्यांची खोली केली, तर खर्च वाढतो. विक्रीयोग्य क्षेत्र वाढत नाही.

जिथे सजवलेली तळघरे सर्रास आहेत त्या अमेरिकेतही मोजणीचे तत्त्व फार वेगळे नाही. तिथल्या मापन मानकानुसार जमिनीच्या पातळीखालचे क्षेत्र घराच्या मुख्य राहत्या क्षेत्रात मिळवत नाहीत, ते स्वतंत्र लिहितात. त्याचे मूल्यही सहसा वरच्या मजल्याच्या दराने लागत नाही. परवान्याशिवाय केलेले काम विक्रीच्या वेळी तिथेही अडते.

चाकणचा पट्टा

चाकणमध्ये बजाजचा कारखाना १९९९ मध्ये आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे कारखानेही त्याच सुमारास आले. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी या गावांत कंत्राटी कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. घर घेणारा इथे किती खोल्या भाड्याने जातील हा हिशेब आधी करतो, म्हणून तळमजला, पार्किंग, गच्ची यांपैकी काहीच रिकामे राहत नाही.

व्यवहारात पुढे केला जाणारा कागद बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकी सिद्ध करत नाही आणि बांधकाम परवानगीची जागाही घेत नाही. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झाले, चाकणला त्याच वर्षी नगरपरिषद झाली, आणि परवानगी देणाऱ्या यंत्रणा बदलल्या. त्यामुळे घर कोणत्या साली बांधले आणि त्या वेळी परवानगीचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न चाकण परिसरात सर्वात आधी सोडवावा लागतो.

सवलती आणि बुलडोझर : २०१७ ते २०२५

या काळात राज्याने नियमितीकरणाची दारे अनेकदा उघडली. ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची बांधकामे दंड आकारून नियमित करण्याचे नियम २०१७ मध्ये आले. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० ही नवी मुदत मिळाली. त्याच वर्षी नवनगर विकास प्राधिकरण बरखास्त होऊन त्याचे काम पीएमआरडीए आणि महापालिकेकडे गेले. मार्च २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील शास्तीकर माफ झाला; मूळ कर पूर्ण भरण्याची अट होती. थकबाकीचे ओझे उतरल्याने अनेक घरे विक्रीला निघाली, पण त्यांच्या नकाशाबाहेरच्या मजल्यांची कायदेशीर स्थिती पूर्वीचीच राहिली.

काही जागांना तर नियमितीकरण लागूच होत नाही. देहूरोड दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन आणि पवना, इंद्रायणी, मुळा यांच्या निळ्या पूररेषेतली जमीन ही त्यांतली ठळक उदाहरणे. १७ मे २०२५ रोजी चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतील ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून पाडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयानेही त्या कुटुंबांना दिलासा दिला नव्हता. आयुष्यभराची कमाई घालून बांधलेली ती चांगली, मजबूत घरे होती. जागेचा दोष बांधकामाच्या दर्जाने भरून निघाला नाही.

त्याआधी १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांविषयीच्या निकालात बँकांना बजावले होते की पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावे. नकाशाबाहेरच्या खोलीला उरलेसुरले कर्जही यामुळे दुरावले.

किमतीचा हिशेब

बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशातले क्षेत्रच धरतो. बाकीची जागा अहवालात विचलन म्हणून येते. एक साधे उदाहरण घेता येईल. तळघरासह घराची मागणी ८० लाख रुपये आहे आणि मंजूर क्षेत्राचे मूल्य ६५ लाख भरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ८० लाखांवर ६४ लाख मिळाले असते आणि घेणाऱ्याला १६ लाख उभे करावे लागले असते. प्रत्यक्षात ६५ लाखांवर ५२ लाखच मिळतात आणि स्वतःचे २८ लाख घालावे लागतात. हे १२ लाखांचे अंतर बहुतेक नोकरदार गिऱ्हाइकांना झेपत नाही आणि विकणाऱ्याला मागणी उतरवावी लागते.

घेणाऱ्यासाठी जोखीम किमतीपुरती नसते. नगररचना कायद्याच्या कलम ५३ खालची नोटीस बांधकामाला चिकटते, मालक बदलल्याने ती सुटत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२४ मध्ये पवनेकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले तसे पाणी तळघरात आधी येते आणि शेवटी ओसरते. एकच जिना असलेल्या बंदिस्त तळघरात आग लागल्यास बाहेर पडणेही अवघड जाते.

म्हणून सौद्यापूर्वी पाहायचे कागद ठरलेले आहेत. मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सूची क्रमांक दोन, प्राधिकरणाचा प्लॉट असल्यास भाडेपट्टा आणि हस्तांतराची परवानगी, पूररेषा व रेड झोनचा नकाशा, आणि कराची थकबाकी. वाढीव जागा नकाशात असेल तर ती कोणत्या वापरासाठी मंजूर आहे हे करारात त्याच शब्दांत लिहून घ्यावे. ती नकाशात नसेल तर शून्य किंमत धरून सौदा करणे सुरक्षित.

विकणाऱ्याला तीन मार्ग असतात. निर्देशांक शिल्लक असेल तर सुधारित नकाशा मंजूर करून जागा नियमित करणे, बंद केलेले पार्किंग पुन्हा मोकळे करणे, किंवा दोष उघड सांगून मंजूर क्षेत्रापुरतीच किंमत मागणे. तिन्हींत सजावटीवरचा काही खर्च बुडतो, पण घराला गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाला कर्ज मिळते. दोष लपवून घेतलेल्या जादा पैशांची भरपाई पुढे दुसऱ्याच कुटुंबाला करावी लागते, आणि या पट्ट्यात ते कुटुंब बहुधा आयुष्यातले पहिलेच घर घेणाऱ्या कामगाराचे असते.