ढोलकपूरची पोरं आणि मायावी संकटं

हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या स्टुडिओत राजीव चिलका यांनी घडवलेला ‘छोटा भीम’ २००८ साली पोगो वाहिनीवर आला आणि पुढे कॉमिकच्या पानांवरही उतरला. ढोलकपूर हे त्याचं काल्पनिक राज्य. भीम, चुटकी, राजू आणि जग्गू माकड ही एक टोळी. फुशारक्या मारणारा कालिया आणि त्याचं शेपूट असलेले ढोलू-भोलू ही दुसरी. एरवी या दोन टोळ्यांचं पटत नाही, पण चेटकीण किंवा राक्षस गावावर आला की बहुतेक वेळा सगळे भीमाच्या मागे उभे राहतात.

हे संकट खरोखरच मायावी असतं. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या ‘स्कूबी-डू’मध्ये शेवटी भुताचा मुखवटा उतरतो आणि आत एखादा लबाड माणूस सापडतो. ढोलकपुरात राक्षस शेवटपर्यंत राक्षसच राहतो. शोधायचं असतं ते त्याचं मर्म. ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान’ हा २०१२चा चित्रपट याचा ठळक नमुना. शापामुळे सोनापुरात अडकलेला दम्यान गुप्तधनाचं आमिष दाखवतो, ढोलकपूरचा राजा इंद्रवर्मा भुलतो, आणि मोठ्यांची हाव निस्तरायला पोरांना थेट भूतकाळात जावं लागतं. २०२४ मध्ये ही कथा खऱ्या नटांसह पुन्हा पडद्यावर आली. दम्यानचा हस्तक स्कंदी झाले होते मकरंद देशपांडे.

मराठी घरांना असा मसाला नवा नाही. १९५२ पासून निघालेल्या मराठी ‘चांदोबा’तला विक्रम खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालत राहिला, आणि पोरांनी ते चवीने वाचलं. पण विक्रम राजा होता. इथे राजाच गोंधळतो आणि तड लावतात ती मुलं.

अशा गोष्टींना कागद जास्त मानवतो. पडद्यावरचं भूत दिग्दर्शकाच्या मर्जीने अंगावर येतं. कॉमिकमध्ये पान कधी उलटायचं हे वाचणारं मूल ठरवतं. म्हणून कसलेला चित्रकार डाव्या-उजव्या पानांचा हिशेब ठेवतो: उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत नुसती सावली, आणि भुताचं तोंड पान उलटल्यावर. घाबरट मूल तिथे खुशाल थांबू शकतं.

‘छोटा भीम’ची कमजोरी दुसरीकडे आहे. टुनटुन मावशीचा लाडू पोटात गेला की भीमाला बळ येतं आणि बरंचसं रहस्य ठोशाने सुटतं. चुटकीच्या हुशारीला त्यामुळे पुरेसा वाव मिळत नाही. लहानग्यांना एवढं पुरतं. नऊ-दहा वर्षांच्या वाचकाला मात्र भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्यावा.