परत फिरण्याचा बेत

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक चमत्कारिक खटला उभा राहिला. युरोपांत नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्यानें कळविलें कीं, "मी व माझा एक स्नेही आइसलंडमधील सिल्फ्रा नांवाच्या भेगेंत बुडी घेणार आहों, काकांनीं अनुमति द्यावी." तेथील पाण्याचें उष्णमान बारा महिने २ ते ४ अंश सेल्सिअस असतें, हें ऐकतांच वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. मीं उत्तर धाडलें, "अनुमतीचें मागाहून पाहूं; आधीं सगळा बेत लिहून पाठव."

तो बेत वाचकांपुढें ठेवण्याजोगा आहे.

सिल्फ्रा ही थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानांतील भेग होय. उत्तर अमेरिका व युरेशिया यांना तोलून धरणारे भूकवचाचे दोन पट्ट येथें दरवर्षीं सुमारें २ सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरतात. त्या ताणानें जमीन दुभंगली आहे. याच मैदानांत इ. स. ९३० पासून आल्थिंग ही आइसलंडची लोकसभा भरूं लागली. लांगयोकुल या हिमनदीचें पाणी लाव्हाच्या खडकांतून कित्येक दशकें झिरपून येथें पोंचतें. त्यामुळें तें इतकें निर्मळ असतें कीं, शंभर मीटरांपर्यंत दृष्टि जाते. पण हीच निर्मळता फसवी! तळ हाताशीं आहे असें वाटून मनुष्य नकळत खोल जातो. म्हणून तेथें १८ मीटरांची मर्यादा घातलेली आहे.

दुसरी गोष्ट पोशाखाची. पाणी हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें देहाची ऊब हरण करतें. यासाठीं आंत लोकरी कपडे व वरून ड्राय सूट, म्हणजे पाणी आंत न घेणारा अंगभर पोशाख, घालतात. त्याच्या आंतील हवा वर येतांना फुगते. ती झडपेवाटें वेळींच सोडली नाहीं, तर पाणबुड्या फुग्यासारखा वर फेंकला जातो. म्हणून अशा पोशाखाचें शिक्षण किंवा त्यांत पूर्वीं घेतलेल्या निदान दहा बुड्या असल्याखेरीज तेथें उतरूं देत नाहींत. पुतण्यानें आधीं चार महिने एका तलावांत सराव केला होता.

तिसरी गोष्ट श्वासाची. नळकांड्यांतील दाबलेली हवा रेग्युलेटरमधून सुटतांना प्रसरण पावते व थंड होते. मूळचेंच पाणी गार असलें, तर झडपेशीं बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवेचा सांठा कांहीं मिनिटांत वाहून जातो. याकरितां थंड पाण्यासाठीं खास बनविलेलें यंत्रच घ्यावयाचें आणि कांठावरील बोचऱ्या हवेंत त्यांतून उगाच श्वास घेऊन पाहावयाचा नाहीं, असें त्यानें लिहिलें होतें.

हें सर्व वाचून मीं एकच प्रश्न विचारला, "परत केव्हां फिराल?" उत्तर आलें: दोघांपैकीं एकास कांपरें भरलें, बोटें बधिर झालीं, यंत्र बिघडलें अथवा नुसतें मन कचरलें, तरी त्यानें अंगठा वर करावयाचा. आपल्याकडे अंगठा वर केला म्हणजे 'छान' असें समजतात. पाणबुड्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ 'वर चला' असा आहे. या खुणेवर वाद नाहीं व कारणही विचारावयाचें नाहीं. मीं अनुमति दिली.

ठरल्या दिवशीं दोघे वाटाड्यासह पाण्यांत उतरले. पांचच मिनिटें झालीं असतील, तोंच स्नेह्याच्या मानेजवळच्या पट्टींतून बर्फासारखें पाणी छातीवर उतरूं लागलें. त्यानें अंगठा वर केला. पुतण्यानें पुढच्या निळ्या दरीकडे एकदां पाहिलें आणि तोही मागें वळला. तिघेही सावकाश वर आले.

घरीं ही हकीकत कळली तेव्हां आमचे धाकटे बंधु म्हणाले, "एवढा खर्च करून पांच मिनिटें!" वहिनी मात्र कांहीं न बोलतां देवापुढें साखर ठेवून आल्या.

मीं चाळीस वर्षें मुलांस शिकविलें. परीक्षेच्या मंडपांत अभ्यास होत नाहीं, हें त्यांस सांगतां सांगतां माझा घसा बसला. थंड पाण्यांतही विचार करण्यास अवसर नसतो. तो कांठावरच करून ठेवावा लागतो. पुढें जाण्याचा बेत कोणीही करतो. परत फिरण्याचा बेत आधीं करून तो पाळणाऱ्या मुलास घरानें निश्चिंत मनानें दूर पाठवावें.